वाळूजच्या कामगारवस्तीला विद्यापीठाची परिचर्या मिळावी

गंगापूर तालुक्यातील वाळूज, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी आणि शेजारच्या पंढरपूर या गावांच्या शिवारात चार दशकांपूर्वी कोरडवाहू पिके उभी असत. १९८५ साली तेथे बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिला, त्याच्या पाठोपाठ सुटे भाग घडविणारे लहानमोठे उद्योग आले, औषधनिर्मितीचे कारखाने आले, आणि मराठवाडा-विदर्भाच्या खेड्यांतून, पुढे बिहार व उत्तर प्रदेशातूनही, पोटामागे निघालेल्या माणसांनी बजाजनगरपासून रांजणगावपर्यंत एक नवेच नगर वसविले. या नगराला रस्ते मिळाले, वीज मिळाली, शाळा आणि बाजारपेठा मिळाल्या; परंतु दिवसपाळी आणि रात्रपाळी यांच्या चक्रात ज्यांचे आयुष्य बांधले गेले आहे अशा हजारो कुटुंबांच्या आरोग्याची नित्य राखण करील अशी व्यवस्था मात्र त्याला अद्याप लाभलेली नाही, आणि आजार बळावला, बाळंतपण अडले किंवा हात यंत्रात सापडला की दहा-पंधरा किलोमीटरांवरील छत्रपती संभाजीनगर शहराकडे धाव घेणे हाच तेथील माणसाचा मुख्य आधार राहिला आहे.

त्याच शहरात गेल्या काही वर्षांत एक निराळी वाढ होत आहे. १९५६ साली स्थापन झालेल्या आणि घाटी या नावाने साऱ्या मराठवाड्याला परिचित असलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात परिचारिकांचे शिक्षण चालते. १९९८ साली नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली, तेव्हा परिचर्येची पदवी वैद्यकाच्या पदवीबरोबर एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली आली. महात्मा गांधी मिशनच्या आरोग्यविज्ञान संस्थेला २००६ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यावर तिच्या येथील शाखेतही वैद्यकाच्या जोडीला आरोग्यविज्ञानाच्या इतर शाखा रुजल्या. परिचर्या, भौतिकोपचार, प्रयोगशाळातंत्र, क्ष-किरणतंत्र यांचे शिक्षण घेण्यासाठी मराठवाड्यातील मुलामुलींनी मुंबई-पुण्याचा रस्ता धरलाच पाहिजे, अशी स्थिती आता उरलेली नाही. ही वाढ कोणाही विचारी माणसाने स्वागत करावे अशीच आहे. माझे सांगणे एवढेच आहे की, विद्यापीठाच्या परिचर्याशाळेची वाढ मोजण्याचे माप तिच्या मंजूर जागांच्या संख्येत शोधू नये. ती शाळा आपल्या दारापासून किती अंतरापर्यंतच्या माणसांची जबाबदारी पत्करते यावरून ती मोजावी, आणि छत्रपती संभाजीनगरच्या बाबतीत हे अंतर निदान वाळूजपर्यंत पोहोचलेच पाहिजे.

परिचर्या हे विद्यापीठाला शोभणारे शास्त्र आहे, ही गोष्ट जगाने सहजासहजी मान्य केलेली नाही. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धभूमीवर गेलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची आठवण लोक हाती दीप घेतलेल्या करुणामूर्तीच्या रूपाने ठेवतात. परंतु जखमांहून अधिक सैनिक अस्वच्छतेने आणि साथींनी मरतात हे ज्यांनी आकड्यांच्या साहाय्याने राज्यकर्त्यांच्या गळी उतरविले, ज्यांना १८५८ साली लंडनच्या सांख्यिकी मंडळाने पहिली स्त्री सभासद म्हणून निवडले, आणि ज्यांनी १८६० साली सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली, त्या नाइटिंगेल करुणेइतक्याच काटेकोर बुद्धीच्याही होत्या. तरीही त्या शाळेनंतर कितीतरी वर्षे परिचारिकांचे शिक्षण हे रुग्णालयाच्या कारभाराचे एक अंग म्हणूनच चालले. विद्यार्थिनीने दिवसभर वॉर्डात राबावे आणि त्या राबण्यातून जे उमजेल ते शिकावे, अशी रीत होती. १९२३ साली अमेरिकेत गोल्डमार्क यांच्या अहवालाने या रीतीवर नेमके बोट ठेवले आणि त्याच वर्षी येल विद्यापीठात परिचर्येची स्वतंत्र शाळा सुरू झाली. रुग्णालयाच्या गरजेने विद्यार्थ्याचा वेळ खर्च होऊ नये, त्याच्या शिक्षणाच्या गरजेने रुग्णालयातील काम आखले जावे, हा त्यामागचा विचार होता.

आपल्याकडे या शास्त्राच्या वाटेत अज्ञानापेक्षा सोवळ्याओवळ्याचा आणि जातिभेदाचा अडथळा मोठा होता. परक्या माणसाचा देह, त्याचे मलमूत्र, त्याची जखम यांना हात लावण्याचे काम कुलीन स्त्रीला न शोभणारे मानले जाई, आणि म्हणून आरंभीच्या काळात हा भार फार मोठ्या प्रमाणात मिशनच्या रुग्णालयांनी आणि ख्रिस्ती भगिनींनी वाहिला. १८९७ च्या प्लेगात पुत्र डॉ. यशवंतराव यांच्या बरोबरीने रुग्णांची सेवा करीत असता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांनी या विटाळाच्या कल्पनेला दिलेले उत्तर शब्दांपलीकडचे होते. त्यानंतर १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन उभे राहिले, आणि रमाबाईंनी लोकनिंदा सोसून विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास पाठविले. महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांची दारे या व्यवसायाला उघडी झाली ती अशा स्त्रियांच्या धैर्यामुळे.

राज्यकर्त्यांचे लक्ष या प्रश्नाकडे वळावयास मात्र पुढे अनेक वर्षे लागली. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल सादर केला, तेव्हा साऱ्या हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या आणि दर ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असे प्रमाण पडत होते. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येच्या पदवीचे शिक्षण सुरू झाले. महाराष्ट्रात महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापिलेल्या महिला विद्यापीठाने १९६४ साली मुंबईत लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय काढले, आणि स्त्रीशिक्षणासाठी जन्मलेल्या विद्यापीठाने परिचर्येला आपल्या ज्ञानशाखांत स्थान दिले. ज्या व्यवसायाला समाजाने पायरीवर उभे केले होते, त्याला त्या विद्यापीठाने आपल्या सभागृहात आसन दिले.

या व्यवसायात विद्येचा अंश किती आहे, याचा एक दाखला महाराष्ट्राच्या स्मरणात कायम राहावा असा आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर अमानुष अत्याचार झाला, आणि तेव्हापासून १८ मे २०१५ रोजी त्यांचे देहावसान होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ बेचाळीस वर्षे, त्या रुग्णालयातील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. इतका प्रदीर्घ काळ शय्येला खिळलेल्या देहावर शय्याव्रण होऊ न देणे हे केवळ मायेने साधत नाही. ठरावीक वेळाने कूस पालटणे, हाडांच्या उंचवट्यांवरचा दाब हलका करणे, त्वचा कोरडी आणि स्वच्छ राखणे, आहारात प्रथिने आणि पाणी कमी पडू न देणे, त्वचेचा पहिला लालसरपणा ओळखून त्याची नोंद पुढच्या पाळीच्या सिस्टरच्या हाती सोपविणे, अशा शिस्तबद्ध ज्ञानाची ती फलश्रुती आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालपत्रात या परिचारिकांचा मुक्तकंठाने गौरव केला, आणि तो सर्वथा यथार्थ होता.

आता आजच्या हिशेबाकडे वळावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका आहेत आणि अजून सुमारे ५८ लाखांची उणीव आहे. दर हजार लोकसंख्येमागे तीन परिचारिका असाव्यात असे मानले जात असता भारतात ते प्रमाण दोनच्या आसपास घुटमळते आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात २०१४ नंतर निघालेल्या १५७ वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात तितकीच परिचर्या महाविद्यालये काढण्याची घोषणा केली, आणि त्याच वर्षी १९४७ च्या जुन्या अधिनियमाची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा अधिनियम संमत झाला. तत्पूर्वी २०२१ साली प्रयोगशाळातंत्रज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्यासारख्या इतर आरोग्यव्यावसायिकांसाठी स्वतंत्र आयोगाची तरतूद झालीच होती. कायद्याच्या दप्तरात अशा रीतीने नव्या व्यवस्थेची बैठक पक्की झाली आहे.

परंतु मंजुरीच्या हुकुमाने शाळा उभी राहते, परिचारिका घडत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात जे घडले ते डोळ्यांत अंजन घालणारे आहे. तेथील उच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने ३०८ परिचर्या महाविद्यालयांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी केवळ १६९ योग्य ठरली. आणि पुढे त्या तपासणीतील काही अधिकारीच लाचेच्या आरोपाखाली अटकेत गेल्याने २०२४ साली ती तपासणी नव्याने करण्याचा आदेश न्यायालयास द्यावा लागला. नावापुरते रुग्णालय, हजेरीपुरते विद्यार्थी आणि तपासणीच्या दिवसापुरते अध्यापक, अशा रीतीने दिलेली सनद हाती घेऊन जी व्यक्ती अतिदक्षता विभागात रुजू होते, तिच्या हातून होणारी चूक रुग्णाच्या प्राणावर बेतते. पदवीच्या महाविद्यालयाला किमान शंभर खाटांचे स्वतःचे रुग्णालय हवे, दर दहा विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक हवा, हे परिचर्या परिषदेचे दंडक म्हणूनच कागदी अटी म्हणून पाहण्याजोगे नाहीत. रुग्णाची शय्या हीच परिचर्येची खरी प्रयोगशाळा आहे.

आणि ही शय्या केवळ रुग्णालयातच असते असेही नाही. वाळूजच्या वसाहतीत ती पत्र्याच्या खोलीत असते, जेथे चार कामगार पाळीपाळीने एकाच अंथरुणावर निजतात आणि एकाला क्षयाचा खोकला लागला तर तो बाकीच्या तिघांना विनासायास पोहोचतो. गावाकडे सासूबाई किंवा आई राहिल्याने पहिल्या बाळंतपणात ज्या नवविवाहितेपाशी वडीलधारे कोणी नाही, तिच्या बाजेवर ती असते. ज्याच्या हाताची बोटे प्रेस मशीनमध्ये गेली, ज्याची जखम भरली पण उरलेल्या बोटांनी पुन्हा काम कसे करावे हे ज्याला कोणी शिकविले नाही, त्याच्या खोलीच्या कोपऱ्यात ती असते. फौंड्रीच्या धुळीने फुप्फुसे आणि प्रेसशॉपच्या गडगडाटाने कान हळूहळू निकामी होतात. या दोहोंची हानी इतकी मंद असते की माणसाला ती कळते तेव्हा उपचाराची मुदत टळून गेलेली असते, आणि साध्या श्रवणमापनाने किंवा श्वासमापनाने ती पाच वर्षे आधी ओळखता आली असती.

कायद्याने या प्रश्नाचा विचार केलेला नाही असे नव्हे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४५ व्या कलमाने पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात रुग्णवाहिका-कक्ष आणि त्यासाठी वैद्यकीय व परिचर्येचा कर्मचारीवर्ग आवश्यक ठरविला होता, आणि नव्या श्रमसंहितेनेही ते सूत्र कायम ठेवले आहे. मोठ्या कारखान्यांतील कामगाराला या तरतुदीचे संरक्षण मिळते. पण वाळूजसारख्या वसाहतीत मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरविणारे कितीतरी कारखाने वीस, पन्नास किंवा शंभर माणसांवर चालतात, आणि त्यांतील बरेच कामगार ठेकेदाराच्या हजेरीपटावरचे असतात. पाचशेच्या मर्यादेखालील या माणसांच्या वाट्याला प्रथमोपचाराच्या पेटीपलीकडे फारसे काही येत नाही. यंत्राची जोखीम मात्र कामगारांची संख्या पाहून कमी होत नाही.

कोविडच्या साथीने हे सारे वास्तव एका पावसाळ्यात उघडे केले. २०२० च्या जून-जुलैत वाळूजच्या कारखान्यांत आणि वस्त्यांत रुग्णांची संख्या झपाट्याने वाढत गेली, १० जुलैपासून नऊ दिवस शहर आणि वाळूज परिसर कडकडीत बंद ठेवावा लागला, आणि कारखान्याचे आरोग्य व वस्तीचे आरोग्य या दोन वेगळ्या बाबी आहेत ही समजूत किती भ्रामक आहे, हे कारखानदार, कामगार आणि शासन या तिघांनाही एकाच वेळी कळले. त्या वेळी घरोघर जाणाऱ्या आशा कार्यकर्त्या आणि परिचारिका यांनीच वस्तीचा नाडीठोका धरून ठेवला होता. संकट सरल्यावर त्या अनुभवाचे स्थायी व्यवस्थेत रूपांतर करणे हे आपले कर्तव्य होते, आणि ते अद्याप बाकी आहे.

हे रूपांतर विद्यापीठाच्या परिचर्याशाळेला शक्य आहे, कारण तिच्याकडे मनुष्यबळ आहे आणि अभ्यासक्रमात सामुदायिक आरोग्य परिचर्येची तरतूदही आहे. चार वर्षांच्या पदवीत विद्यार्थ्याने वस्तीत काम करावे असा नियमच आहे. उणीव असते ती सातत्याची. आज एका वस्तीत पाहणी, उद्या दुसऱ्या वस्तीत पथनाट्य, परवा तिसरीकडे शिबिर, अशा विखुरलेल्या उपक्रमांनी विद्यार्थ्याची वही भरते, पण वस्तीच्या हाती काही उरत नाही. शाळेने रांजणगाव, जोगेश्वरी आणि बजाजनगर येथील निश्चित घरे आपल्या नावावर घ्यावीत. प्रत्येक कुटुंबाची आरोग्यपत्रिका विद्यार्थ्यांच्या एका तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे सोपविली जावी. गरोदर स्त्री, क्षयरुग्ण, मधुमेही आणि अपघातग्रस्त कामगार यांच्याकडे ठरलेल्या वारी परिचर्येचे विद्यार्थी अध्यापकासह जावेत. भौतिकोपचाराच्या विद्यार्थ्यांनी जायबंदी हातांचे पुनर्वसन करावे. आणि प्रयोगशाळातंत्र व श्रवणमापन शिकणाऱ्यांनी लहान कारखान्यांतील कामगारांची वार्षिक तपासणी करावी. अध्यापकांची नेमणूक आणि बढती यांत या कामाचा विचार व्हावा, म्हणजे ते कोणाच्या खांद्यावर टाकलेले ओझे न राहता शाळेच्या विद्याव्रताचा भाग होईल. आणि दहा वर्षांनी त्या पत्रिकांतून जे ज्ञान हाती येईल, ते मराठवाड्याच्या औद्योगिक आरोग्यावरचे आपले स्वतःचे संशोधन असेल.

हे स्वप्नरंजन नव्हे. जामखेडसारख्या दुष्काळी तालुक्यात डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम आरंभिले, आणि अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका घडवून खेड्यांचे चित्र पालटून दाखविले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत करून नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याची पद्धत सिद्ध केली, आणि १९९९ साली लॅन्सेट या नियतकालिकातून ती जगापुढे मांडली. कोणतीही पदवी नसलेल्या स्त्रियांकडून जे साधले, ते चार वर्षे शिकलेल्या पदवीधरांकडून आणि त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या विद्यापीठाकडून अपेक्षिणे फाजील म्हणता येणार नाही.

खर्चाचा प्रश्न विचारला जाईल, आणि तो विचारणे रास्त आहे. २०१३ च्या कंपनी अधिनियमाच्या १३५ व्या कलमान्वये विहित मर्यादेवरील कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावयाचे असतात. वाळूजमधील मोठ्या उद्योगांनी त्यातील एक वाटा अनेक वर्षांच्या हमीने या कार्यक्षेत्रासाठी राखून ठेवला, तर त्याचा लाभ त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखान्यांतील कामगारांनाच होणार आहे. जागा, दवाखाना आणि औषधे यांची व्यवस्था जिल्हा परिषद व आरोग्य खाते यांनी करावी, शिक्षण आणि देखरेख विद्यापीठाने करावी, अशी स्पष्ट वाटणी झाल्यास कोणा एकावर असह्य भार पडणार नाही.

याहून कठीण प्रश्न आहे तो शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या भवितव्याचा. परिचर्येकडे वळणारे बहुसंख्य विद्यार्थी बीड, जालना, परभणीच्या शेतकरी आणि मजूर घरांतून येतात, आणि त्यांच्या शिक्षणामागे बहुधा कर्ज किंवा विकलेली जमीन उभी असते. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला आहे, आणि त्यात परिचारिकांचाही अंतर्भाव आहे. तेथे जाणाऱ्या मुलींना कोणीही दोष देऊ नये. ज्यांना आपल्या भूमीत राहून काम करावयाचे आहे, त्यांना मानाने जगता येईल असे वेतन देणे ही मात्र आपली जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाविषयी स्पष्ट शिफारशी केल्या आहेत: दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात वेतन शासकीय वेतनाइतके असावे, आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही ते दरमहा २०,००० रुपयांहून कमी नसावे. या शिफारशींची अंमलबजावणी काटेकोरपणे झाल्यावाचून परिचर्याशाळांच्या जागा वाढविणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी ओतणे होय.

म्हणून विद्यापीठांचे कुलगुरू, जिल्ह्याचे लोकप्रतिनिधी, वाळूजचे कारखानदार आणि कामगार संघटना यांना माझी विनंती आहे की, परिचर्या व आरोग्यविज्ञान शाळांच्या पुढील विस्ताराचा आराखडा मंजूर होण्यापूर्वी त्यात वाळूजच्या कामगारवस्तीतील स्थायी कार्यक्षेत्राची अट लेखी घालून घ्यावी, आणि त्या कामासाठी नेमावयाच्या अध्यापकांची व परिचारिकांची पदे व वेतन त्याच आराखड्यात निश्चित करावे. मराठवाड्याने आपली धडधाकट मुले या कारखान्यांच्या हवाली केली आहेत. त्यांच्या आरोग्याची राखण करण्याचे काम मराठवाड्याच्याच विद्यापीठांनी आता विलंब न लावता हाती घ्यावे.